सहकुटुंब, सहपरिवार

मराठी सिनेमाच्या जाहिरातीत दोन शब्द हमखास असतात. सहकुटुंब, सहपरिवार. दोन्हींचा अर्थ एकच असताना दोन्ही का छापतात, हे आम्हाला बी.एड. होऊनही कळलेले नाही. कुटुंब म्हणजे बायको आणि परिवार म्हणजे बाकीची फौज, असा जुना हिशेब असावा. मात्र त्यातला इशारा आमच्या मोहल्ल्यातल्या लहान पोरालाही समजतो. या सिनेमात मान खाली घालावी लागेल असे काही नाही. दादी, सून, जावई, पोरेटोरे सगळे एका ओळीत बसू शकतात. ज्या सिनेमावर हे शब्द नाहीत तो ‘बाद में देखेंगे’ या खात्यात जातो. आमच्या घरात ‘बाद में’ म्हणजे मुले झोपल्यावर, आवाज बारीक करून, एक कान दाराकडे ठेवून.

आम्ही सिनेमाचे जाणकार नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला उर्दू शिकवतो आणि लिहायचे झाले की मराठीत लिहितो. याचे काही मंडळींना नवल वाटते. पंढरपुरात ज्याला मराठी येत नाही त्याला बांगडी विकता येत नाही, आणि आमच्या अब्बांचे दुकान बांगड्यांचे होते, एवढेच त्याचे कारण. तर गेल्या वर्षभरात आम्ही काही सिनेमे मुलांबरोबर पाहिले आणि काही मुलांना चुकवून. मुलांबरोबरचे जादूचे होते. चुकवून पाहिलेले होते ते दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या प्रेमाचे. दोन्हींविषयी जे मनात आले ते लिहितो. याला कोणी समीक्षा समजू नये.

जादूची आवड आम्हाला लहानपणापासूनची. दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘अलिफ लैला’ १९९३ मध्ये सुरू झाली तेव्हा आम्ही चड्डीतच होतो. ज्या घरी टीव्ही होता त्या घराचा उंबरा त्या अर्ध्या तासापुरता सगळ्या गल्लीचा होई. धुरातून जिन्न प्रकटला की पोरे एकमेकांना चिकटत आणि आमची दादी मोठ्याने आयतुल कुर्सी म्हणायला लागे. जिन्नांचा उल्लेख कुरआनात आहे, त्यामुळे दुसऱ्या कोणाला जी कल्पनारम्य गोष्ट वाटते ती आमच्या दादीच्या लेखी बातमी होती. फक्त बातमीतल्या जिन्नाने इतके चमकीचे कपडे का घालावेत, एवढाच तिचा आक्षेप.

पुढे ‘छोटा चेतन’ आला. भारतातला पहिला त्रिमिती सिनेमा म्हणजे १९८४ चा मल्याळम ‘माय डिअर कुट्टीचातन’, त्याचेच हे हिंदी रूप. १९९८ मध्ये त्यात नवे प्रसंग घालून, उर्मिला मातोंडकरला घेऊन, तो पुन्हा लावला गेला. आषाढी होईपर्यंत आमच्याकडे सिनेमाचे नावही काढायचे नसे, तो धंद्याचा काळ. यात्रा पांगली, अब्बांनी गल्ला मोजला आणि बऱ्या मनःस्थितीत ते म्हणाले, चलो. चष्मा लावून आम्ही सगळे बसलो. पडद्यातली वस्तू नाकाशी आली की अम्मी मान मागे घेत होती आणि अब्बा हात पुढे करून ती पकडायला बघत होते. त्यांना इतके हसताना आम्ही नंतर फारसे पाहिले नाही.

हे सिनेमे आता आम्ही मुलीला आणि मुलाला दाखवले. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहाचा. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३) तर आमच्या घरात पाठ झाला आहे. लक्ष्मीकांत बेर्डे होते म्हणून लोक गेले, पण खरा भाव खाऊन गेला तो रामदास पाध्यांचा बाहुला. तात्या विंचूचा मंत्र आम्ही वर्गात म्हणायचो आणि त्यासाठी मौलवी साहेबांची छडीही खाल्ली आहे. आता आमचा मुलगा तोच मंत्र बाथरूममध्ये म्हणतो. आम्ही ऐकले न ऐकलेसे करतो.

आता मोठेपणी पाहताना एक गोष्ट खटकली. या सगळ्या ‘सहकुटुंब’ सिनेमांत कुटुंब मुळी धड नसतेच. ‘छोटा चेतन’मधल्या मुलीचा बाप दारूत बुडालेला आहे. चेतन कितीही दारू पिऊन टाकू शकतो, ही त्याची जादू त्या घरात कामाला येते. हॅरी पॉटर नावाचे पोर जिन्याखालच्या कपाटात झोपते, कारण त्याच्या मावशीला आणि तिच्या नवऱ्याला वाटते की हा ‘तसला’ आहे, हे शेजाऱ्यांना कळता कामा नये. आम्ही हे वाक्य तेव्हा नुसते ऐकले. मुलांना मात्र ते कपाट पहिल्यांदा पाहताच समजले. मुलाने विचारले, “उने क्या कऱ्या था?” काही केले नव्हते, तो तसा जन्मला होता, असे आम्ही सांगितले. त्याला ते पटले. सहा वर्षांच्या माणसाला बऱ्याच गोष्टी पटतात.

मुलीला आवडले ते त्या जादूच्या शाळेचे मुख्याध्यापक, डम्बलडोर. पांढरी लांब दाढी, अर्ध्या चष्म्यावरून पाहणारे डोळे. “अपने मस्जिद के इमाम साब जैसे दिखते,” ती म्हणाली. एक दिवस तिने विचारले, “अब्बा, इनकी बीवी किधर है?”

आता वाचकहो, हा प्रश्न सोपा नाही. लेखिका जे. के. रोलिंग यांनी ऑक्टोबर २००७ मध्ये, म्हणजे शेवटचे पुस्तक बाहेर आल्यानंतर, एका कार्यक्रमात सांगून टाकले की डम्बलडोर समलिंगी आहेत आणि तरुणपणी त्यांचे मन ग्रिन्डेलवाल्ड नावाच्या दुसऱ्या जादूगारावर बसले होते. सातही पुस्तकांत हे असे उघड कुठे लिहिलेले नाही. पडद्यावर त्यांच्या तोंडून ते आले २०२२ च्या ‘फँटॅस्टिक बीस्ट्स’ मालिकेतल्या तिसऱ्या सिनेमात, आणि चीनमध्ये दाखवताना तेवढे संवाद कापले गेले. काही सेकंदांचा मजकूर. आम्हाला रोलिंगबाईंचा थोडा रागच आला. गोष्ट सांगून झाल्यावर, टाळ्या घेऊन झाल्यावर, मग असे मागून सांगायचे म्हणजे पाहुणे गेल्यावर बिर्याणीत मीठ घालण्यासारखे. एवढे प्रेम होते तर पुस्तकातच का नाही आणले? पण दुसऱ्या मनाने म्हटले, आपण तरी आयुष्यात काय वेगळे करतो. मास्तर, मौलवी, मामा, असे कितीतरी एकटे लोक आपण पाहतो. ते का एकटे राहिले याची चर्चा घरात त्यांच्या जनाज्यानंतर होते.

मुलीला आम्ही एवढेच सांगितले की त्यांनी लग्न केले नाही. “उनकू एक दोस्त बहुत अज़ीज़ था, उने बुरा निकला.” तिने विचार केला आणि म्हणाली, “फिर बी स्कूल अच्छा चलाये.” मास्तराच्या मुलीने मास्तराविषयी विचारायची गोष्ट एवढीच.

शाळेत हा प्रश्न दरवर्षी वेगळ्या रूपात येतो. उर्दू गझल शिकवायला घेतली की मागच्या बाकावरून हात वर होतो. सर, शायर मर्द, महबूब बी मर्द, ये कैसा? उर्दू गझलेत प्रेयसी पुल्लिंगी क्रियापदाने येते, ही परंपराच आहे. आम्ही बी.एड.ला शिकवलेले उत्तर देतो: फारसी भाषेत क्रियापदाला लिंग नाही, तिथून ही रीत आली, शिवाय पर्दा पाळायचा म्हणून शायर स्त्रीचे नाव घेत नाही, शिवाय महबूब म्हणजे कित्येकदा खुदाच. ही तिन्ही उत्तरे खरी आहेत. चौथे उत्तरही खरे आहे. मीरच्या दिवानात असे शेर आहेत ज्यांत महबूब साफ मुलगाच आहे, दुसरा अर्थ काढायला जागा नाही. ते शेर पाठ्यपुस्तकात नाहीत. आम्हीही वर्गात ते काढत नाही, दहावीच्या पोरांना तोंड लपवून हसायला तेवढेच निमित्त. पण ज्या भाषेला आपण तहजीब म्हणून मिरवतो तिच्या घरात हा पाहुणा दोन-अडीचशे वर्षे बसलेला आहे, हे उर्दूच्या मास्तराने तरी विसरू नये. इस्मत चुगताईंची ‘लिहाफ’ ही कथा १९४२ ची. तिच्यावर लाहोरच्या कोर्टात अश्लीलतेचा खटला चालला आणि बाई सुटल्या. दीपा मेहतांच्या ‘फायर’ या सिनेमाशी या कथेचे नाते जोडले जाते. तो १९९८ मध्ये इकडे लागला तेव्हा मुंबईत चित्रपटगृहावर हल्ला झाला. आमचे वय तेव्हा नऊ, त्या वर्षीचा आमचा सिनेमा ‘छोटा चेतन’.

मराठी पडद्यावर हा विषय पहिल्यांदा कोणी आणला याचा छातीठोक दावा करता येणार नाही, पण फार आधी आणणाऱ्यांत एक नाव आमच्या गावचे आहे. डॉ. जब्बार पटेल. जन्म पंढरपूर, १९४२. त्यांचा ‘उंबरठा’ १९८२ चा. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, स्मिता पाटील यांनी महिला सुधारगृहाच्या अधीक्षिकेचे काम केले. त्या सुधारगृहात दोन बायका एकमेकींच्या आधाराने, एकमेकींच्या ओढीने राहतात, आणि ते उघड झाल्यावर सारे गृह हादरते. सिनेमा त्या दोघींकडे एक अवघड प्रश्न म्हणून पाहतो, प्रेम म्हणून नाही, असे आम्हाला आज वाटते. पण १९८२ मध्ये प्रश्न म्हणून तरी कोण पाहत होते? आमच्या अम्मीने ‘उंबरठा’ टीव्हीवर अनेकदा पाहिला आहे. तिला त्या दोघी आठवतच नाहीत. तिला स्मिता पाटील घर सोडून जाते तेवढे आठवते आणि त्याचा राग येतो.

नंतर अमोल पालेकर यांचा ‘थांग’ आला, २००६ मध्ये. त्यात बाईला कळते की आपल्या नवऱ्याचे प्रेम एका पुरुषावर आहे. मृणाल कुलकर्णींनी ती बाई केली आहे. हा सिनेमा कमी लोकांनी पाहिला असावा. आम्हाला तो वेगळ्या कारणासाठी आठवत राहिला, ते पुढे येईल.

हिंदीत अलीकडे हा विषय हसत-खेळत आला. ‘शुभ मंगल ज्यादा सावधान’ (२०२०) आमच्या घरी मुले झोपल्यावर पाहिला आणि मुले उठतील इतके आम्ही हसलो. मुलाचे बाप शास्त्रज्ञ, त्यांनी काळी फुलगोबी तयार केली आहे, तिला मात्र ते कौतुकाने वाढवतात आणि मुलगा दुसऱ्या मुलाला पसंत करतो म्हटल्यावर बेशुद्ध पडायच्या बेतात येतात. गोंधळ फार आहे, सगळे एकदम बोलतात, जसे आपल्या लग्नघरात बोलतात. शेवटी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येतो, ६ सप्टेंबर २०१८ चा, ज्याने कलम ३७७ मधून दोन सज्ञान माणसांचा संमतीचा संबंध गुन्ह्याच्या बाहेर काढला. निकाल आला, बाप मवाळ झाला, गाडी सुटली. आमच्या घरच्यांचे मत असे पडले की हा जादूचा सिनेमा मुलांनाही दाखवायला हरकत नव्हती. निकालाने बाप बदलत असते तर आमच्या तालुक्याच्या कोर्टाबाहेर एवढे भाऊ-भाऊ दिसले नसते.

‘अलीगढ’ला मात्र हसू आले नाही. हंसल मेहता यांचा हा सिनेमा २०१६ चा, आणि त्याची गोष्ट आपल्या वाचकांना दोन्ही बाजूंनी जवळची आहे. प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे नागपूरकडचे मराठी माणूस, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत. अलीगढला मराठी! आपल्यापैकी कितीजणांना हे माहीत होते? ज्या अलीगढचे नाव आमच्या घरात दुआसारखे घेतले जाते, तिथे एक मराठी ब्राह्मण वीस वर्षांहून जास्त काळ आपली भाषा शिकवत बसला होता. कविता लिहीत होता. ‘पायाखालची हिरवळ’ हा त्यांचा संग्रह. फेब्रुवारी २०१० मध्ये कॅमेरे घेऊन काही जण त्यांच्या घरात शिरले, त्यांना एका रिक्षावाल्याबरोबर पाहिले, चित्रण केले. विद्यापीठाने प्राध्यापकांना निलंबित केले. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला आणि ७ एप्रिलला ते त्यांच्या भाड्याच्या घरात मृत सापडले. वय ६४. निवृत्तीला थोडे महिने उरले होते.

मनोज वाजपेयी यांनी सिरस केले आहेत. आम्ही सिनेमा दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी थांबवावा लागला. खोलीत दिवा मंद आहे, हा माणूस एकटा खुर्चीत बसून लताबाईंचे जुने गाणे ऐकतो, मध्येच सुरात सूर मिसळतो, चुकतो. बराच वेळ दुसरे काही घडत नाही. अशी कित्येक माणसे आम्ही पाहिली आहेत, फक्त त्यांच्या हातात पेल्याऐवजी चहाचा कप होता. पुढे तरुण पत्रकार त्यांना तो इंग्रजी तीन अक्षरी शब्द लावतो, तर ते अवघडतात. कवितेच्या माणसाला आपले सगळे मन एका शब्दात बसवलेले आवडत नाही. आम्हाला हे फार खरे वाटले.

आपला दीन या बाबतीत काय म्हणतो ते आम्हाला माहीत आहे, वाचकांनाही माहीत आहे. आम्ही मुफ्ती नाही आणि येथे मसला सोडवायला बसलेलो नाही. पण मदरशात आम्हाला आणखी दोन गोष्टी शिकवल्या होत्या. सूरे नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय, सलाम केल्याशिवाय जाऊ नका, असा हुकूम आहे. सूरे हुजुरातमध्ये लोकांची छुपी टेहळणी करू नका, असा हुकूम आहे. ‘तजस्सुस’ हा शब्द आम्ही तिथेच शिकलो. कॅमेरा घेऊन शिरणाऱ्यांनी सलाम केला होता का? त्या शहरात यावर किती जुम्म्यांचे खुतबे झाले? एकीकडचा हुकूम मोठ्या आवाजात आणि दुसरीकडचा मनातल्या मनात, अशी किरात आम्हाला कोणी शिकवलेली नाही.

आता ‘सबर बोंडं’. हा सिनेमा आम्ही स्वतःहून पाहिला नसता. आमचा एक जुना विद्यार्थी आहे. त्याच्याविषयी आम्ही जास्त सांगणार नाही. वर्गात असताना हळू बोलायचा, त्याचे अक्षर फार सुंदर, आणि पोरे त्याला ज्या नावाने हाक मारीत ते नाव मराठीत आणि दखनीत एकच आहे. त्या हाकेसाठी आम्ही एकदा सबंध वर्गाला तासभर उभे केले होते. आता तो मोठ्या शहरात नोकरी करतो, तिशीकडे आला आहे. त्याची अम्मी आमच्याकडे येते. दर ईदला शीरखुर्म्याचा डबा आणि एकच विनंती. सर, तुमचे तो ऐकतो, त्याला निकाहला तयार करा. मुलगी पाहिलेली आहे, बहिणीच्या सासरकडची, डी.एड. झालेली.

गेल्या ईदला तो स्वतः आला होता. इकडचे-तिकडचे बोलून झाल्यावर उठता उठता म्हणाला, “सर, एक मराठी पिक्चर आया है. आप देखो. फिर अम्मी से बात करो.” एवढेच. आम्ही नाव लिहून घेतले.

रोहन परशुराम कानवडे यांचा हा सिनेमा. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सनडान्स महोत्सवात त्याला परदेशी कथापटांच्या विभागातला ज्युरीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि १९ सप्टेंबर २०२५ ला तो आपल्याकडे लागला. आम्ही दोघे पुण्याला मेहुणीच्या घरी गेलो होतो, मुलांना तिच्याकडे ठेवले आणि दुपारचा खेळ गाठला. आमच्या घरच्यांना आधी सांगितले होते कशावर आहे ते. त्या म्हणाल्या, “बैठेंगे, नै जमा तो उठके चाय पियेंगे.”

उठावे लागले नाही. वडील वारले म्हणून मुंबईत नोकरी करणारा आनंद आईबरोबर गावाकडे येतो. दहा दिवसांचे सुतक. काय खायचे, काय घालायचे, कुठे बसायचे, पायात चप्पल घालायची की नाही, सगळ्याचे नियम, आणि ते नियम सांगणारे चुलते, आत्या, मावश्या. दिग्दर्शकाने स्वतःच्या वडिलांच्या मागच्या दिवसांतून ही गोष्ट उचलली, असे त्यांनी सांगितले आहे, आणि ते दिसते. पाश्वर्संगीत नाही. कोंबडा, शेळ्या, भांडी, बायकांचे रडणे आणि रडणे थांबले की लगेच सुरू होणारी चौकशी: पोराचे लग्न का नाही झाले? आमच्याकडे तीजाला आणि चाळिसाव्याला हेच चालते. मय्यत दफन करून आलेले लोक हात धुता धुता रिश्ते जुळवतात. आनंदच्या घरच्यांनी नातेवाइकांना सांगायला एक कहाणीही तयार ठेवली आहे. त्या गावात लहानपणचा मित्र बाळ्या आहे, शेळ्या राखणारा, शेती करणारा, त्याच्याही मागे लग्नाचा तगादा. दोघे माळावर जातात, झाडाखाली बसतात, बोलतात, पुष्कळदा बोलतही नाहीत. भूषण मनोज आणि सूरज सुमन ही नावे आम्ही त्याआधी ऐकली नव्हती. आम्हाला वाटत होते की कुठेतरी नजर वळवावी लागेल. जवळीक आहे, पण तीत दाखवण्याचा सोस नाही. एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर डोके टेकले आणि आमच्या मागच्या ओळीतल्या म्हाताऱ्या बाईंनी ‘दमलं पोरगं’ म्हटले.

बाळ्या आनंदसाठी बोंडे आणतो. आमच्या सोलापूर जिल्ह्याच्या पोरांना हे फळ सांगायला नको. फड्या निवडुंगाचे लाल बोंड, अंगभर न दिसणारी कुसळे. गोणपाटावर चोळून, मातीत लोळवून ती काढायची, तरी एखादे जिभेला लागतेच आणि दोन दिवस बोलता येत नाही. ओठ, सदरा, दात सगळे गुलाबी होतात आणि घरी गेल्यावर लपवता येत नाही की काय खाऊन आलो. ‘सबर’ हा मराठी शब्द कुठून आला याचा शोध भाषेच्या पंडितांनी घ्यावा. आमचा उर्दू कान मात्र पाटीवर ते नाव वाचल्यापासून ‘सब्र’ ऐकत होता. अरबीत निवडुंगाला सब्बार म्हणतात आणि सब्र म्हणजे धीर, दोन्ही शब्दांची मूळ अक्षरे तीच: साद, बे, रे. घरी येताना बसमध्ये आम्ही हे आमच्या घरच्यांना उत्साहाने सांगितले. त्या म्हणाल्या, “तुम हर जगह क्लास लेते.”

मग इंदापूरपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. पुढे म्हणाल्या, “वो माँ अच्छी थी.” जयश्री जगताप यांनी आई केली आहे. मुलाविषयी तिला सगळे माहीत आहे. ती भाषण देत नाही, मुलाला मिठी मारून रडत नाही. नातेवाइकांच्या गराड्यात ती फक्त मुलाच्या आणि प्रश्नांच्या मधे बसते. आम्हाला असे वाटले की इतक्या वर्षांत ज्या सिनेमावर ‘सहकुटुंब, सहपरिवार’ छापायला हवे होते असा हाच. यात खरेच सगळे कुटुंब आहे: मेलेला बाप, जिवंत आई, आगाऊ चुलता, तांब्या-परातीसकट. मुलांना मात्र आम्ही तो दाखवलेला नाही. मुलगी पंधरा-सोळाची झाली की दाखवू, असे घरात ठरले आहे. घरात ठरते आणि फोनवर आधीच पाहून झालेले असते, हेही आम्हाला कळते.

त्या विद्यार्थ्याची अम्मी पुढच्याच आठवड्यात आली. तिला सिनेमाचे सांगून उपयोग नव्हता, तिच्याकडे सिनेमा म्हणजे अजूनही गुनाह. सांगायला गेलो असतो तर मुलाची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय सांगितल्यासारखे झाले असते, आणि तजस्सुसवर एवढे लिहिल्यानंतर ते आम्हाला शोभणारे नव्हते. तेव्हा आम्ही मुलाविषयी काही बोललोच नाही. ‘थांग’मधली बाई डोक्यात होती, म्हणून त्या डी.एड. झालेल्या मुलीविषयी बोललो. म्हटले, आपा, तुमचा मुलगा मनापासून हो म्हणत नाही. त्याला ढकलून उभे केलेत तर निकाहनाम्यावर सही दोघांची होईल, भोगणार ती एकटी. ती कोणाची तरी मुलगी आहे. काझीसाहेब मुलीला तीनदा विचारतात. मुलालाही तुम्ही एकदा खरे विचारा, आणि तो जे सांगेल ते ऐकायची तयारी असेल तेव्हाच विचारा.

ती बराच वेळ डब्याच्या झाकणाशी चाळा करीत बसली. मग म्हणाली, “उसके अब्बा रहते तो मैं क्या कू तुमारे पास आती, सर?” आम्ही गप्प राहिलो. आतून आमच्या घरच्या चहा घेऊन आल्या आणि तिच्याशेजारी, अगदी लागून, खाली सतरंजीवर बसल्या. दुसऱ्या खोलीत मुलाने ‘झपाटलेला’ लावला होता, त्याचा आवाज येत होता. अम्मीने विचारले, हे काय चाललंय. आमच्या घरच्या म्हणाल्या, बाहुला आहे, बोलतो.

त्या आठवड्यात रिश्त्याचा निरोप परत गेला, असे आम्हाला नंतर कळले. कारण काय सांगितले ते माहीत नाही. या ईदला डबा आला, विनंती आली नाही. मुलगा येणार आहे म्हणे कार्तिकीनंतर, गर्दी ओसरल्यावर.